आजीची वही लॅमिनेट करू नका

लेखात आजीच्या पाककृतींच्या वहीची पानं लॅमिनेट करायला सांगितलंय, ते कृपया करू नका. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद फाटल्याशिवाय निघत नाही. पानं ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके, म्हणजे अक्षरं स्पष्ट येतात) स्कॅन करा, तेलकट पानांमध्ये बटर पेपर घालून मूळ वही कोरड्या कपाटात ठेवा. ओट्याशी छापील प्रत पुरते. तीही गॅसच्या वरच्या फळीवर नको, फोडणीचं तेल नेमकं तिथंच बसतं.

आणि आजीच्या घरातली मापाची वाटी शोधाच! रिकामी आणि पाण्यानं काठोकाठ भरलेली, असं दोनदा वजन करा. फरक जितके ग्रॅम, तितके मिली. तो आकडा प्रतीवर लिहा. बेसन वाटीनं आणि तूप ग्रॅममध्ये लिहिलेलं असेल, तर २०० ऐवजी १५० मिलीची वाटी घेतल्यावर तूप जास्त होऊन लाडू बसतात.