बाजार बघून घेईल म्हणताय, पण बाजाराला दिसतंय कुठे?

दादा, प्रतिक्रिया वाचली. हल्ली एवढं सविस्तर आणि एवढं चिडून कुणी लिहीत नाही, त्यामुळे 'धन्यवाद' म्हणून सटकणं बरं दिसलं नसतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी वायरलेस ऑडिओच्या नावानं नुसता रडतो, तुमचे दीड हजाराचे बड्स झकास चालतात, युट्यूबवर ओठ आणि आवाज बरोबर जुळतात, बॉक्सवर ब्लूटूथ ५.३ लिहिलंय म्हणजे माल लेटेस्ट आहे, कोडेक-बिडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) सामान्य माणसाला लागत नाही आणि उरलेलं बाजार बघून घेईल.

आधी त्या ५.३ चं बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. तो आकडा ब्लूटूथच्या मूळ स्पेसिफिकेशनचा. एलई ऑडिओ, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज न्यायची नवी पद्धत, जाहीर झालं जानेवारी २०२० मध्ये, त्याला लागणारी आयसोक्रोनस चॅनल्स (ठरल्या वेळी आवाज पोचवणाऱ्या वाटा) ५.२ मध्ये आली, पण ती ऐच्छिक आहेत! म्हणजे कंपनीनं ती चिपमध्ये नाही दिली तरी बॉक्सवर ५.२, ५.३, ५.४ काहीही छापायला कुणाची ना नाही. तुमचे बड्स ५.३ असतील हो, पण दीड हजारात गाणं बहुतेक ए२डीपी नावाच्या २००३ च्या प्रोफाइलवरूनच (ब्लूटूथवरून गाणं न्यायची जुनी पद्धत) येत असणार, एसबीसी नाहीतर एएसी कोडेकमध्ये. नवी कोरी बिल्डिंग, आत पाण्याची लाईन जुनीच. खात्री करायची असेल तर अँड्रॉइडमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यात ब्लूटूथ ऑडिओ कोडेक म्हणून एक ओळ आहे, बड्स जोडलेले असताना तिथे काय दिसतं ते बघा.

आता ओठ आणि आवाज जुळण्याबद्दल. ते जुळतात कारण व्हिडिओ प्लेयर तुमच्यासाठी चित्रच मागे थांबवून ठेवतो. बड्सना किती उशीर होतोय ते फोनला साधारण माहीत असतं, तेवढं चित्र उशिरा दाखवलं की झालं. पण जिथे आवाज तुमच्या बोटातून निघतो तिथे ही चलाखी चालत नाही. पेटीचं एखादं ॲप उघडा, बड्स घाला आणि वाजवून बघा. ए२डीपीवर सहज दीडदोनशे मिलिसेकंद उशीर होतो, स्वस्तातल्या बड्सवर जास्तही. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांचा धरला तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची, म्हणजे सूर जवळजवळ मात्राभर मागून येणार, आणि मग समेवर यायचं कुणी, तुम्ही की बड्सनी? गेम खेळणाऱ्या पोरांनाही हेच होतं, फक्त ती नेटला शिव्या घालतात.

आणि 'सामान्य माणसाला कोडेक लागत नाही' हे वाक्य तर मला पटतच नाही, कारण कोडेकचा सगळ्यात जास्त त्रास सामान्य माणसालाच होतो, फक्त त्याला ते नाव माहीत नसतं. लॅपटॉपवर हेडफोन लावून मस्त गाणं चाललंय, ऑफिसची मीटिंग सुरू झाली, माइक ऑन झाला आणि अचानक सगळे डब्यात तोंड घालून बोलायला लागले, हा अनुभव तुम्हाला नाही? विंडोजच्या साउंडच्या यादीत कित्येकदा एकाच हेडफोनच्या दोन नोंदी दिसायच्या बघा, एक स्टिरिओ आणि एक हँड्स-फ्री. ही ती भानगड. ए२डीपी एकाच दिशेनं आवाज नेतं, माइक लागला की गाडी हँड्स-फ्री प्रोफाइलवर जाते, आणि ते मुळात कारमध्ये फोन घेण्यासारख्या कामांसाठी केलेलं. त्याचा जुना कोडेक ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं उडालं. आपल्या 'स'चा बराचसा जोर त्याच्याही वर असतो, म्हणून अकाउंटवाली बाई 'साठ' म्हणते आणि आपण 'आठ' लिहून घेतो. पुढे १६ किलोहर्ट्झवाला प्रकार आला तेव्हा जरा सुधारलं, पण माइक ऑन आणि स्टिरिओ दोन्ही एकदम म्हटलं की अजूनही बोंबच.

माझी चिडचिड ज्यावर आहे ते हे, की याचं उत्तर सापडलेलं आहे. एलई ऑडिओत एलसी३ कोडेक आहे, फ्राउनहोफर आणि एरिक्सननं केलेला. ब्लूटूथवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे एसबीसीच्या निम्म्या बिटरेटलाही (सेकंदाला निम्मा डेटा वापरूनही) तो सरस ठरतो, आणि गूगलनं तर त्याचा कोड ओपन सोर्स करून ठेवलाय, म्हणजे पैशाचंही रडगाणं नाही. दोन्ही कानांना वेगवेगळा पण एकाच तालात चालणारा प्रवाह आहे. जुन्या पद्धतीत हे नव्हतं, फोन एकाच बडशी बोलायचा आणि दुसऱ्याला आवाज कसा पोचवायचा याचा जुगाड प्रत्येक चिपवाल्यानं आपापला केला. एलई ऑडिओची सगळी स्पेसिफिकेशन्स २०२२ च्या जुलैत पूर्ण झाली, अँड्रॉइड १३ मध्ये ते त्याच वर्षी आलं, विंडोज ११ मध्ये पुढच्या वर्षी. मग अडलंय कुठे? फोनवाले म्हणतात हेडफोन कुठेत, हेडफोनवाले म्हणतात फोन कुठेत, लॅपटॉपमध्ये तर ब्लूटूथची चिप आणि ऑडिओचा ड्रायव्हर दोघांचं जुळलं तरच चालणार. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये एलई ऑडिओचा स्विच 'बीटा' म्हणून लपवलेला, तो चालू केला की मल्टिपॉइंट (एकदम दोन उपकरणांना जोडणं) बंद. असला स्विच कोण कशाला दाबेल?

यावर तुम्ही म्हणणार बाजार बघून घेईल. बाजार बघेल कसा, गिऱ्हाइकाला बॉक्सवरून दोन वस्तूंतला फरकच कळत नसेल तर? चार्जिंग पोर्टचंही सगळे असंच म्हणत होते, शेवटी युरोपियन युनियननं कायदाच केला, २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकायच्या फोनला यूएसबी-सी हवंच. कायद्यानं कोडेक ठरवावा असं मी म्हणत नाहीये (त्यानं वेगळाच गोंधळ होईल), पण 'आपोआप होतं' हे काही खरं नाही.

गाण्याबिण्याचं सोडा, मला हा विषय लागला तो आमच्या काकांमुळे. त्यांनी कानाचं मशीन घेतलं, लाखाच्या वरचं. दुकानात विचारलं ब्लूटूथ आहे का, तर हो आहे. घरी आल्यावर कळलं की आवाज थेट येतो तो आयफोनवरून, आणि काकांकडे अँड्रॉइड. दुकानदार खोटं बोलला असं नाही म्हणता येत, ब्लूटूथ होतंच की त्यात! २०१३ पासून ॲपलची वाट वेगळी, २०१८ पासून गूगलची वेगळी, काका मधे. एलई ऑडिओचं घोडं मुळात पुढे ढकललं तेच कानाच्या मशीनवाल्यांनी, त्यांच्या युरोपातल्या संघटनेचा आणि ब्लूटूथवाल्यांचा करार २०१४ चा. त्यातलं ऑराकास्ट म्हणजे एका ठिकाणाहून प्रसारण आणि कितीही जणांनी ऐकायचं. नाट्यगृहात स्टेजवरच्या माइकचा आवाज सरळ काकांच्या मशीनमध्ये, शेजारी 'काय म्हणाला, काय म्हणाला' विचारायला नको. मी जातो त्या नाट्यगृहांत तरी असलं काही अजून दिसलेलं नाही. करार होऊन दहा वर्षं उलटली, काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना 'हळूहळू येईल' कसं सांगू?

'मग वायरवाले घ्या ना' असा टोमणाही मारलायत. घेतो की, मीटिंगला मी वायरच लावतो. पण आयफोननं २०१६ मध्ये जॅक काढला, मागोमाग बाकीच्यांनी, आणि आता ते यूएसबी-सीचे छोटे डोंगल बघा, दिसायला सगळे सारखे, काहींत डॅक (डिजिटल आवाज कानाला ऐकू येईल असा करणारी चिप) असतो, काहींत नसतो, आणि नसलेला डोंगल कित्येक फोनवर गप्प बसतो. तिथेही बॉक्सवर काही लिहिलेलं नसतं.

शेवटी तुम्ही विचारलंयत की बोलणं सोपं आहे, घ्यायचं काय ते सांगा. नुसती गाणी ऐकायची असतील तर काहीच घेऊ नका, तुमचे बड्स ठीक आहेत. रोज मीटिंग असतील तर वायर, नाहीतर स्वतःचा यूएसबी रिसीव्हर असलेला हेडसेट. आणि नवीन बड्स घ्यायचेच असतील तर व्हर्जनचा आकडा सोडून द्या, एलई ऑडिओ किंवा एलसी३ हे शब्द स्पष्ट लिहिलेत का ते बघा, 'लवकरच अपडेटमधून' असेल तर नाही असंच धरा. लॅपटॉपला विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात डिव्हायसेस, तिथे जमेल तेव्हा एलई ऑडिओ वापरा अशा अर्थाचा एक स्विच असतो. तो दिसलाच नाही तर त्या लॅपटॉपवर कितीही भारी बड्स आणून उपयोग नाही. दिसतोय का ते बघून लॅपटॉपच्या मॉडेलसकट खाली टाका.