ईटनपेक्षा मला ख्राइस्ट्स हॉस्पिटल मोठं वाटतं

इंग्लंडच्या जुन्या बोर्डिंग शाळांचा विषय निघाला की गाडी ईटनवर येऊन थांबते. वीस पंतप्रधान तिथले, वगैरे. पण 1440 साली सहाव्या हेन्रीने ईटन काढली ती 70 गरीब मुलांना फुकट शिकवायला, हे फारसं कोणी सांगत नाही. आज तिथली वर्षाची फी 50,000 पौंडांच्या वर आहे. शिष्यवृत्त्या आहेत, मान्य. तरी शाळा कोणासाठी निघाली आणि कोणाची झाली, याकडे काणाडोळा कसा करायचा?

म्हणून ख्राइस्ट्स हॉस्पिटलबद्दल लिहितोय. नावात हॉस्पिटल असलं तरी ही शाळाच. आठव्या हेन्रीने बंद पाडलेल्या लंडनच्या ग्रेफ्रायर्स मठात, 1552 साली, गोरगरिबांच्या पोरांसाठी ती सुरू झाली. पहिल्या खेपेला सुमारे 380 मुलं आली, त्यात मुलीही होत्या. पुढच्या वर्षी सनद देणारा राजा सहावा एडवर्ड जेमतेम पंधरा वर्षांचा. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तो वारला.

पुढे कवी म्हणून गाजलेला कोलरिज आणि निबंधकार चार्ल्स लँब इथे 1782 साली एकदमच दाखल झाले. कोलरिजचे वडील डेव्हनमध्ये पाद्री होते, ते आदल्याच वर्षी गेलेले. लँबचे वडील लंडनमध्ये एका वकिलाकडे नोकरीला. दिवस सुखाचे होते असं अजिबात नाही. जेवण बेताचं, मार भरपूर. लँबची म्हातारी आत्या घरून भांड्यात काहीतरी चांगलंचुंगलं आणायची, कोळशाच्या कोठाराच्या पायऱ्यांवर बसायची आणि ॲप्रन उघडून भांडं पुढे करायची. पोराला तिची लाज वाटायची. मोठेपणी कोलरिजला लिहिलेल्या पत्रात त्याने हे कबूल केलंय. मला तर त्याच्या सगळ्या लेखनात ही आत्याच आधी आठवते.

हेडमास्तर जेम्स बॉयर छडीला कठोर, पण शिकवायला पक्का. कवितेत कोणी काव्यदेवता आणली की म्हणायचा, दाईची पोरगी म्हण! पवित्र झरा आला की, अंगणातला पंप म्हण! साधं, खरं लिहायची ही शिस्त आपल्याला त्याच्याकडून मिळाली, असं कोलरिजने स्वतः लिहून ठेवलंय. लँबला मात्र तोतरेपणामुळे विद्यापीठाची वाट बंद झाली. त्याने ईस्ट इंडिया कंपनीत 33 वर्षं कारकुनी केली.

1673 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने इथे गणिताची वेगळी शाखा काढली, आरमाराचा कारभार बघणाऱ्या सॅम्युअल पेपिसने तिच्यासाठी खटपट केली. गरिबाघरच्या मुलांना नौकानयनाचं गणित शिकवून आरमारात पाठवायचं, हा हेतू. त्या काळात याहून मोठी संधी कुठली?

1902 साली शाळा लंडन सोडून ससेक्समधल्या हॉरशॅमला गेली. पाण्यावर उड्या मारत धरणावर आदळणारा बाँब बनवणारा बार्न्स वॉलिस इथलाच. सरकारने दुसऱ्या महायुद्धानंतर बक्षीस म्हणून दिलेले 10,000 पौंड त्याने हवाई दलात मेलेल्यांच्या मुलांना इथे शिकता यावं म्हणून देऊन टाकले.

लांब निळा कोट आणि पिवळे मोजे हा जुना पोशाख आजही आहे, आणि तो शाळाच देते. फी घरच्या उत्पन्नावर ठरते. काहींना एक पैसाही भरावा लागत नाही. हल्ली खर्च भागवायला पूर्ण फी भरणारी मुलंही घेतात. त्यांची संख्या आणखी वाढू नये, असं मला मनापासून वाटतं.