गुळाच्या गावाला गूळ

आप्पांना मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की जानेवारीत चार दिवस उत्तरेत चाललोय, ऑफिसातल्या चौधरीच्या गावी. मुजफ्फरनगर जिल्हा, खतौलीच्या पुढं. शेतकरी माणसं आहेत. यातलं शेवटचं वाक्य मी गिळायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी स्वारगेटवर कोल्हापूरच्या एसटीच्या कंडक्टरनं गोणपाटात शिवलेलं एक बोचकं माझ्या हातात दिलं आणि मी खाली वाकतोय की उभा राहतोय, ते बघत थांबला. पाठोपाठ आप्पांचा फोन.

"दहा किलोचा रवा पाठवलाय. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये."

(हा रवा शिऱ्याचा नव्हे. आमच्याकडं गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात. पुण्यात हे दरवेळी सांगावं लागतं.)

"आप्पा, मुजफ्फरनगरला गूळ? अहो, गुळाचीच बाजारपेठ आहे ती, देशातल्या मोठ्यांतली. रत्नागिरीकराकडं कर्नाटक हापूसची पेटी घेऊन जाण्यातला प्रकार झाला हा."

"त्यांचा काळा असतोय," आप्पा म्हणाले. "बघू द्यात की जरा."

म्हणजे ती भेट नव्हतीच. आव्हान होतं. आणि जोतिबाच्या सासनकाठीसारखं ते नाचवत न्यायचं काम माझ्याकडं आलं होतं.

दिल्लीत मेट्रोच्या तपासणीत बोचकं यंत्रात गेलं आणि पट्टा थांबला. पडद्यावर म्हणे नुसता काळा गोळा दिसत होता.

"क्या है इसमें?"

"गुड़."

"पूरा?"

"पूरा."

"कहाँ ले जा रहे हो?"

"मुजफ्फरनगर."

जवानानं पडद्यावरची नजर काढून माझ्याकडं लावली. मग पलीकडच्या जवानाला हाक मारली. त्याला ऐकायला मिळावं म्हणून मला सगळे प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारण्यात आले. हा दुसरा निघाला बागपतचा, म्हणजे उसातलाच माणूस. त्यानं बोचकं स्वतः उचलून माझ्या खांद्यावर ठेवलं आणि म्हणाला, "संभल के जाना भाईसाहब." गूळ सांभाळायचा की अब्रू, ते सांगितलं नाही.

खतौलीला चौधरी मोटरसायकल घेऊन आला होता. धुकं एवढं, की पुढं बसलेला चौधरीच आहे हे मी त्याच्या आवाजावरून मानत होतो. गंगेच्या कालव्याच्या कडेकडेनं रस्ता. इंग्रजांनी हा कालवा 1854 साली सोडला, आणि तेव्हापासून इथला शेतकरी पाण्याला बोलावत नाही, पाणीच शेताकडं चालत येतं. आमच्याकडं पंचगंगेतून पाणी वर चढवायला मोटर लागते, मोटरला वीज लागते आणि विजेला मुहूर्त लागतो. धुक्यातून अचानक रेड्याचं तोंड बाहेर यायचं, मागं उसानं भरलेली गाडी. ही बुग्गी. रेडा म्हणजे झोटा. आणि अधूनमधून उकळत्या रसाचा तो वास. डोळे मिटले असते तर मी आमच्या गुऱ्हाळावर होतो. डोळे उघडे ठेवूनही काही दिसत नव्हतंच.

या भागात बायकांचं घर वेगळं आणि पुरुषांचं 'घेर' वेगळं. घेर म्हणजे गोठा, वैरण, ट्रॅक्टर, बैठक आणि पाहुणा या सगळ्यांची एकत्र सोय. अंगणात सहा बाजा टाकलेल्या. मी नम्रपणे एकीच्या पायथ्याशी टेकलो. लगेच चौघांनी धरून मला उशाकडं सरकवलं. बाजेचा घट्ट विणलेला भाग उशाचा, सैल दोऱ्यांचा पायथ्याचा, आणि मान उशाला. बसलो. इतक्यात ताऊ आले. ताऊ म्हणजे चौधरीच्या वडलांचे थोरले भाऊ. पंच्याहत्तरीचे, डोक्याला पांढरा साफा, मागं हुक्का उचलून आणणारा नातू. वडीलधारा आला म्हणजे उशाची जागा त्याची, म्हणून मी पायथ्याला. ताऊंनी दंड धरून मला पुन्हा उशाला. आता ताऊ पायथ्याला बसणार हे बघून मी मध्यावर. प्रत्येक बाजेच्या मध्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या वजनानं पडलेला एक खोलगट भाग असतो. त्यात माणूस बसत नाही, उतरतो. माझे गुडघे कानाशी आले. पुढचे चार दिवस मी उत्तर भारत साधारण त्याच उंचीवरून बघितला.

मग दादी आल्या, हातात पितळी लोटा. आता इथं थोडं मागं जावं लागेल. आठवीत हिंदीच्या बाईंनी मला 'पाणी' म्हटल्याबद्दल पायाचे अंगठे धरून उभं केलं होतं. पानी! कौन! सुनना! त्या दिवसापासून हिंदी बोलताना मी 'ण' खिशात ठेवतो. येताना वाटेतसुद्धा 'पानी चाहिए, पानी दीजिए' असं घोकत आलो होतो. आणि दादी लोटा पुढं करून म्हणाल्या, "ले बेट्टा, पाणी पी ले. घणा जाड्डा है."

(जाड्डा म्हणजे थंडी.) पाणी. घणा. एका दमात दोन ण, तेही सढळ. म्हणजे ज्या मुलखातल्या खडी बोलीवर ती पुस्तकी हिंदी उभी राहिली, त्या मुलखातली म्हातारी आमच्या पन्हाळ्याच्या मावशीसारखं बोलत होती, आणि अंगठे मी धरले होते. मी तिथंच लाज सोडली आणि अस्सल कोल्हापुरी हिंदी सुरू केली. त्यानंतर दादी सोडून कुणालाही माझं काही कळलं नाही.

याचा पहिला फटका उसाच्या दराला बसला. गावातली पंधरा-वीस माणसं 'महाराष्ट्र से आया है' एवढ्या बातमीवर जमली होती. हुक्का फिरत होता. ताऊंनी विचारलं, तुमच्याकडं उसाला काय भाव?

"इकत्तीस सौ," मी म्हणालो.

हुक्क्याची गुडगुड थांबली. एका म्हशीनं मान हलवली, तिच्या साखळीचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "कुंतल का?" कुणीतरी खोल गेलेल्या आवाजात विचारलं. मला वाटलं, कारखान्याचं नाव विचारतायत. मी मान डोलावली. त्यांचा कुंतल म्हणजे क्विंटल, आणि त्यांना त्या हंगामात क्विंटलला 370 रुपये मिळत होते. एकानं तिकडं जमीन काय भावानं मिळते याची चौकशी केली. पुण्यात पाच वर्षं काढलेला चौधरी सगळं समजून उमजून शेंगा सोलत बसला होता. शेवटी मीच 'टन, टन' म्हणून ओरडलो. मग बोटांवर हिशेब झाला, त्यांचे टनाला 3,700 भरले, आणि कौतुकानं बघणारी वीस माणसं एकदम कणवेनं बघायला लागली. मी सांगायचा प्रयत्न केला, की आमच्याकडं तोडणी-वाहतूक कारखाना बघतो, बीडकडनं टोळ्या येतात, त्याचा खर्च आधीच वळता होतो. तुम्ही मोबाइलवर कारखान्याची पर्ची आली की स्वतः तोडून, बुग्गी भरून, रात्रभर रांगेत उभे राहता. तो खर्च धरा की. पण कणव एकदा सुरू झाली की आकड्यांनी थांबत नाही. दादींनी दुधाचा दुसरा पेला आणला.

(सूड म्हणून सांगतो. चौधरीची साठ बिघे जमीन आहे, हे ऐकून मी बाजेवर जमेल तेवढा ताठ झालो होतो. इथल्या कच्च्या बिघ्याचे जवळजवळ पाच मिळून एक एकर होतो, हे मला संध्याकाळी कळलं.)

आणि अशा कणवेच्या वातावरणात चौधरी म्हणाला, "ताऊ, ये आपके लिए गुड़ लाया है."

गोणपाट उसवलं. रवा बाहेर आला, पिवळाधमक, पितळी घंगाळ पालथं घालावं तसा. आप्पांचा गुळव्या गेली तीस वर्षं काहिलीशी उभा राहून डोळ्यांनीच पाक ओळखतो, त्याच्या हातचा माल होता. सगळे पुढं वाकले. ताऊंनी वास घेतला. बोटानं खरवडून बघितलं, खरवडेना. खुरपं आणलं, ते सटकलं. शेवटी कुऱ्हाडीच्या तुंब्यानं एक कपचा उडाला, तो ताऊंनी जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. एवढ्या वेळात आमच्याकडं ग्रामसभा उरकते.

"मीठा तो है," ताऊ म्हणाले. मी श्वास सोडला. "पर घणा पीला है. मसाला गेर रक्खा इसमें."

मसाला म्हणजे गूळ उजळ करायची पावडर. म्हणजे आप्पांवर भेसळीचा आळ, तोही मुजफ्फरनगरात, वीस साक्षीदारांसमोर. मी खोलगट भागातून उठायचा प्रयत्न करत म्हणालो, मसाला नाही हो, घरचा आहे, आम्ही मळी काढायला भेंडी घालतो. भेंडीच्या झाडाचा चिकट रस.

"भिंडी?"

"भिंडी."

मागं कुणीतरी म्हणालं, "सब्ज़ी का गुड़!" आणि वीसच्या वीस माणसं हसायला लागली. ताऊंना ठसका लागला, नातवानं पाठ चोळली. वास्तविक यांची पद्धतही तीच. फक्त हे सुखलाई नावाच्या झाडाची साल भिजवून तिचा चिकट रस घालतात. साल चालते, भेंडी चालत नाही! पण हसणाऱ्या माणसांशी रसायनशास्त्र बोलता येत नाही. ताऊंनी डोळे पुसून निकाल दिला, "बढ़िया चीज है. पर मिठाई है, गुड़ ना है." आणि रवा सन्मानानं भिंतीतल्या फळीवर ठेवला गेला, चौधरी चरणसिंह आणि महेंद्रसिंह टिकैत या तिकडच्या शेतकरी पुढाऱ्यांच्या फोटोंखाली.

फोटोंकडं बघून ताऊंना आणखी एक आठवलं. 2 ऑक्टोबर 1989, दिल्ली, बोट क्लब. टिकैतांची आणि आमच्या शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची माणसं एकाच सभेला जमली होती आणि व्यासपीठावरच झोंबाझोंबी झाली होती. ताऊ तिथं होते. "तुम्हारे वालों ने..." म्हणून त्यांनी जी सुरुवात केली, ती जेवणाच्या ताटापर्यंत चालली. मी त्या वर्षी बालवाडीत होतो, हा बचाव नोंदवून घेतला गेला नाही.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. सरसूचा साग, मक्याची रोट्टी आणि लोण्याचा गोळा यांवर जगात भरपूर लिहून झालंय. 'बस' या शब्दाचा त्या भागात काही अर्थ होत नाही, एवढंच नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी कोल्हूवर, म्हणजे त्यांच्या गुऱ्हाळावर नेलं. आमची काहील एकच, अवाढव्य. इथं एकामागं एक तीन कढया, रस पुढं पुढं सरकत जातो, आणि खाली एक माणूस चिपाड कोंबतोय. चिपाडाला इथं खोई म्हणतात. सिमेंटच्या उथळ हौदात ओतलेला गरम गूळ त्यांनी लाकडी पट्टीवर घेऊन मला दिला. तांबूस काळा, दाणेदार, किंचित धुरकट. मी तीनदा मागून घेतला. ही गोष्ट आप्पांना सांगायची नाही.

निघायच्या आदल्या रात्री थंडीनं कहर केला. माझ्या अंगावर दोन रजया टाकल्या होत्या. एकेक रजई आत कापूस नसून चौधरी घराण्याचा इतिहास भरल्यासारखी जड. मी कुशीला वळायचा विचार दोनदा केला आणि सोडून दिला. पहाटे चारच्या सुमाराला धडपड, कंदिलासारखा हलणारा मोबाइलचा उजेड, आणि ताऊंचा आवाज, "ब्या गी! कटिया दी है!"

म्हैस व्याली होती, माझ्यापासून बारा फुटांवर. रेडी झाली होती, त्यामुळं घेरात आनंदीआनंद. मुलगी झाली म्हणून एवढा आनंद मी त्या चार दिवसांत दुसऱ्या कुठल्याच चर्चेत ऐकला नव्हता. दादी शाल लपेटून आल्या आणि सूत्रं हातात घेतली. चूल पेटव. ओवा आण. सुंठ आण. गूळ आण.

गूळ घरात होता. घर गल्लीच्या पलीकडं. पोरं रजईत. कुणी हलेना. ताऊंनी हळूच फळीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी रजयांखाली होतो, हरकत घ्यायला हात मोकळे नव्हते.

"वो पड़ा तो है," ताऊ म्हणाले.

कुऱ्हाडीनं अर्धा रवा फुटला. मोठ्या पातेल्यात ओव्या-सुंठीबरोबर उकळला आणि कोमट करून बादलीत म्हशीपुढं आला. म्हशीनं एकदा हुंगलं. सगळे बघत होते, मी मान उचलता येईल तेवढी उचलून बघत होतो. मग तिनं तोंड घातलं ते बादली वाजायला लागेपर्यंत काढलं नाही. रिकामी बादली चाटत चाटत तिनं खांबापर्यंत ढकलत नेली. ताऊंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "इसे पसंद आ गया."

दुपारी निघताना दादींनी चिकाचा खरवस वाटीत दिला. ते त्याला खीस म्हणतात. रंग पिवळसर होता. त्यात गूळ कुठला घातलाय, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत बसेपर्यंत आप्पांचा फोन आलाच.

"काय म्हणाले गुळाला?"

"आवडला."

"सगळ्यांना?"

"घरात बाळंतपण झालं पहाटे. बाळंतिणीला दिला. बादलीभर... म्हणजे वाटीभर प्याली. आणखी मागत होती."

पलीकडं जरा वेळ शांतता. मग आप्पा कुणाला तरी, बहुतेक गुळव्यालाच, मोठ्यानं सांगत होते, "बाळंतिणीला घातला आपला गूळ! एवढ्या गावात आपलाच चालला!" आणि पुन्हा फोनवर आले.

"काय झालं रं तिला?"

"मुलगी."

"वा, वा. बाळंतीण बरी हाय न्हवं?"

"ठणठणीत," मी म्हणालो. "सकाळीच उभी राहिली."