ॲपलचा टीव्ही आणि आमची भिंत

परत सुरू झालंय. ॲपल म्हणे पुन्हा स्वतःचा टीव्ही काढायची चाचपणी करतंय, म्हणजे टीव्हीला जोडायचा तो छोटा काळा डबा नाही हं, खराखुरा टीव्ही, भिंतीवर लावायचा. २०२४ च्या नोव्हेंबरात ब्लूमबर्गच्या मार्क गर्मननं तसं लिहिलं आणि तेव्हापासून आमच्याकडे नव्या टीव्हीचा विषय निघाला की नवरा म्हणतो, "थांबूया ना जरा." हे "थांबूया ना जरा" माझ्या चांगल्या ओळखीचं आहे, माझी ऐन उमेदीची वर्षं त्यात गेलीयेत.

आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो, ॲपलचं क्यूपर्टिनो म्हणजे शेजारचंच गाव. २०११ च्या ऑक्टोबरात स्टीव्ह जॉब्स गेला, त्याच महिन्यात त्याचं चरित्र आलं आणि त्यात तो म्हणाला होता की टीव्ही कसा असावा हे कोडं मला एकदाचं सुटलंय. झालं! तेव्हा आमच्याकडे एका मित्रानं पुण्याला परत जाताना फुकट दिलेला ट्यूबवाला टीव्ही होता, उचलायला दोन माणसं लागायची आणि चित्रातला माणूस उजव्या कोपऱ्यात सरकला की हिरवा व्हायचा. मी म्हटलं थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये चपटा घेऊन टाकू. तर म्हणे आता? आता घेतला तर मूर्ख ठरू, जॉब्सनं कोडं सोडवलंय, पुढच्या वर्षी येणारच. लोक थंडीत पहाटे रांगा लावून पन्नास इंची घेऊन आले, आम्ही टॉवेल घेऊन आलो.

आणि त्याला खतपाणी घालणारे कमी नव्हते. पायपर जाफ्रे कंपनीचा जीन मन्स्टर नावाचा एक विश्लेषक होता, तो दरवर्षी नेमानं सांगायचा, येतोय, येतोय. आपल्याकडे हवामान खातं तरी कधीतरी पाऊस पाडून दाखवतं. मग २०१२ च्या डिसेंबरात जॉब्सच्या जागी आलेल्या टिम कुकनं मुलाखतीत सांगितलं की घरी टीव्ही लावला की मला वीस-तीस वर्षं मागे गेल्यासारखं वाटतं. नवरा लगेच, "बघ, कुकलाही पटलंय!" मी म्हटलं अरे त्याला नुसतं वाटतं, आपण खरोखर गेलोय, तो बघ बातम्या देणारा हिरवा झाला.

सगळ्यात हाल झाले ते बाबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले आणि २०१५ च्या वर्ल्डकपची सिडनीची सेमीफायनल त्यांनी लॅपटॉपवर बघितली, तेरा इंची, कारण त्या ट्यूबवाल्याला लॅपटॉप जोडायची सोयच नव्हती. एक विकेट तर गोल चक्र फिरत असतानाच पडली, बाबांना कळलं ते साताऱ्याहून भावाचा फोन आला तेव्हा. मॅच आपण हरलो ते वेगळंच. शेवटी त्यांनी विचारलं, "त्या कंपनीचं हापिस इथून किती लांब आहे गं?" मी म्हटलं, गाडीनं पंधरा मिनिटं. "मग हा एकदा जाऊन विचारून का येत नाही?"

ते गेले आणि लगेच मे महिन्यात वॉल स्ट्रीट जर्नलनं छापलं की ॲपलनं टीव्हीचा बेत वर्षभरापूर्वीच गुंडाळलाय. म्हणजे बाबा लॅपटॉपला नाक लावून बसले होते तेव्हा तो टीव्ही कधीच बासनात गेला होता! मन्स्टरनंही हात टेकले. आमच्याकडे दोन दिवस सुतक, तिसऱ्या दिवशी मी जाऊन पंचावन्न इंची घेऊन आले.

आता त्याला खाली डावीकडे काळा डाग पडलाय, बरोब्बर स्कोअर येतो तिथे. म्हणून परत तोच प्रश्न, थांबायचं की घ्यायचं. ह्यावेळी मी म्हटलं आपण जरा हिशोबच मांडू. ॲपलच्या स्टुडिओ डिस्प्लेची किंमत सुरू झाली १५९९ डॉलरला, तोही फक्त २७ इंच आणि कॉम्प्युटरचा मॉनिटर. वरखाली होणारा स्टँड हवा तर आणखी ४००. २०१९ चा प्रो डिस्प्ले ३२ इंची, ४९९९ डॉलर, वर स्टँडचे ९९९ वेगळे, नुसत्या स्टँडचे! आणि पुसायचं फडकं विकतात ते १९ डॉलरला, आमच्याकडे जुन्या बनियनवर भागतं. ह्या दरानं ६५ इंची टीव्ही आला तर भिंतीसकट घर विकावं लागेल.

नवरा म्हणाला पण क्वालिटी बघ ना. बघितली की. ॲपलनं एकदा १९९३ साली टीव्ही काढला होता, मॅकिंटॉश टीव्ही, १४ इंची, काळा, २०७९ डॉलरचा. त्यात एकतर कॉम्प्युटर बघा नाहीतर टीव्ही बघा, कामाच्या कोपऱ्यात छोटीशी चौकट करून टीव्ही लावू म्हटलं तर नाही. दहाएक हजार नग काढले आणि काही महिन्यांत गाशा गुंडाळला. हे मी सांगितल्यावर तो म्हणाला, "आता कलेक्टर्स आयटम असेल तो." ह्यावर काय बोलणार!

खरं सांगायचं तर त्याचं एक म्हणणं मला पटतं. हल्ली टीव्ही स्वस्त मिळतो तो काही कुणाला आपली दया आली म्हणून नाही, सेटवर फारसं सुटत नाही म्हणून कंपन्या जाहिराती दाखवून आणि आपण काय बघतो त्याची माहिती विकून पैसे काढतात. विझिओ नावाच्या टीव्ही कंपनीला तर सेट विकण्यापेक्षा त्या धंद्यातच जास्त नफा व्हायला लागला होता. ॲपलचा असता तर निदान हे नसतं, हे मान्य. पण त्यासाठी अख्खा टीव्ही कशाला हवा? कुठलाही बरा पॅनेल घ्या, त्याला वायफायचा पासवर्ड देऊच नका, आणि मागे ॲपलचा तो डबा लावा. आताचा १२९ डॉलरपासून मिळतो. टीव्ही माणूस आठ-दहा वर्षांनी बदलतो, डबा जुना झाला तर तेवढाच बदलता येतो. बहुतेक ॲपलनंही हाच हिशोब केला असणार, फोन दोन-तीन वर्षांनी बदलणारं गिऱ्हाईक असताना दहा वर्षं न फिरकणारं कोण गळ्यात घेईल.

नवऱ्याचा मात्र त्या टीव्हीवर जीव आहे, आणि जडणारच, कधी न बघितलेल्या स्थळात खोट कुठून काढणार? आमच्या भिंतीवरचा मात्र रोज समोर असतो, डागासकट.

तर मी परवा कॉस्टकोतून ६५ इंची मागवला. शनिवारी आला, लावला, चित्र सुरेख आहे, कोणी हिरवं होत नाही. नवरा काही बोलला नाही, उलट हौसेनं स्क्रू वगैरे पिळले. मग खोका फाडायला घेतला तर धावत आला, "अगं थांब, फाडू नको, नव्वद दिवसांत परत करता येतो." थर्माकोलसकट नीट चिकटपट्टी लावून त्यानं तो गॅरेजमध्ये उभा केलाय आणि वर मार्करनं तारीख घातलीय.