विदेशी सून घरात घेण्यापूर्वी

पोरगा पुण्यात होता तोवर ठीक होतं. तिथून तो जर्मनीला गेला आणि आता फोनवर सांगतो की येताना एकटा येत नाहीये. लग्न तिकडेच नोंदवलं, सूनबाईंचा एन्ट्री व्हिसा वर्षभराचा आहे आणि कापूस घरात येईस्तोवर दोघं गावीच राहणार आहेत. अभिनंदन. आता तुम्ही रोडग्यांचा बेत, बँडवाला आणि आहेराचं लुगडं यांच्या मागे लागाल. लागू नका. आधी घराचा नंबर शोधा.

कारण सुनेने उंबरठ्यावरचं माप ओलांडलं की तुम्ही नुसते सासरे होत नाही, कायद्याच्या नजरेत लॉजवालेही होता. विदेशी माणूस ज्याच्या छपराखाली उतरला, त्याने २४ तासांच्या आत ते ऑनलाइन कळवायचं असतं. सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात. पंचतारांकित हॉटेल असो, धर्मशाळा असो की तुमचं कवेलूचं घर, नियम सारखाच. घरचंच माणूस आहे म्हणून सूट नाही.

२४ तास ऐकून तुम्ही हसाल, कारण गावाला ही खबर अर्ध्या तासात लागते. काळीपिवळी फाट्यावर थांबली, गोरी बाई उतरली, तिने स्वतःची बॅग स्वतःच उचलली, एवढं पाहून पारावरचा एक जण उठतो आणि तुमच्या आधी तुमच्या घरी पोचतो. मग शेजारची काकू विरजण मागायला येते. तिच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत, पण विरजण तिला नेमकं आजच पाहिजे असतं. "कोन्या गावची व्हय बाप्पा?" म्हणत ती ओसरीवर बसते. उठते तेव्हा सुनेचं वय, पगार, बापाचा धंदा, अंडं खाते की नाही आणि गळ्यात मंगळसूत्र का नाही, हे सगळं तिला तोंडपाठ असतं. दिवेलागणीच्या आत ते पोलीस पाटलाकडे जमा होतं.

पण पोलीस पाटलाला कळलं म्हणजे सरकारला कळलं, या भ्रमात राहू नका. काकूने जमवलेल्या माहितीतलं पोर्टलला काहीच नको असतं. त्याला पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, कुठून आली, किती दिवस राहणार आणि इथून पुढे कुठे जाणार, एवढंच पाहिजे. 'इथून पुढे कुठे जाणार' या रकान्यात सासरी आलेल्या सुनेने काय लिहायचं, याचा विचार दिल्लीत कुणी केलेला दिसत नाही. काकूला विचारू नका. तिचं उत्तर तयार आहे.

फॉर्म भरण्याआधी घरमालक म्हणून तुमची स्वतःची नोंदणी करावी लागते. त्यासाठी सेतू केंद्रावर जा. तिथला पोरगा पीकविमा, सातबारा, जातीचा दाखला डोळे मिटून काढतो. पण हे पान उघडल्यावर तो बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहील आणि म्हणेल, "काका, हे पीएम किसानवालं नाही दिसून राह्यलं." धीर सोडू नका. घराची क्षमता विचारली, तर थोरलीच्या लग्नात सत्तर माणसं झोपली होती हे खरं असलं तरी लिहू नका. दर्जा विचारला आणि ताऱ्यांचे पर्याय पुढे आले, तर मे महिन्यात अंगणात खाट टाकल्यावर दिसणारे तारे त्यात धरत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

आता पत्ता. तुमचा पत्ता तुम्हाला ठाऊक आहे: शाळेच्या मांगं, पडक्या वाड्याला लागून, निळ्या दाराचं घर. पोस्टमनने पंचवीस वर्षांत यावर एकदाही हरकत घेतली नाही. पोर्टल घेईल. त्याला घर क्रमांक पाहिजे, गल्ली पाहिजे, पिनकोड पाहिजे. पिनकोड एक आणि त्यात गावं कितीतरी, ही आपल्याकडची रीत आहे.

पत्त्याचा घोळ आपल्याकडे थोरामोठ्यांनाही चुकला नाही. वर्ध्याजवळ गांधीजी राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. त्यांचं टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायला लागलं, म्हणून १९४० साली गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. हा उपाय सोपा वाटतो, पण तुमच्या पोराच्या सुट्टीत ग्रामसभेचा ठराव, तहसील आणि राजपत्र एवढं बसायचं नाही.

दुसरं, जिल्हा नीट बघून लिहा. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. परक्या मुलखात नोंदणीचा कागद जपणं म्हणजे काय, हे विदर्भात त्यांच्याइतकं कुणाला कळत नसेल. ती माणसं भंडारा जिल्ह्यात वसली. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला आणि घरातून पाऊल बाहेर न टाकता त्यांचा जिल्हा बदलला. चंद्रपुरातून गडचिरोली, अकोल्यातून वाशीम, असं आपल्याकडे चालूच असतं. विदेशी माणसाने पत्ता बदलला तर कळवायचं असतं. पत्त्यानेच माणूस बदलला तर कोणी कळवायचं, ते तेवढं विचारू नका.

सी फॉर्म झाला म्हणून सुटलो असं समजून पंगतीला बसू नका, तो तुमचा फॉर्म होता. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर सुनेला भारतात आल्यापासून १४ दिवसांच्या आत स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. २०१८ पासून हे काम विदेशी नोंदणी कार्यालयाच्या ई-एफआरआरओ या पोर्टलवर होतं. आपल्यासारख्या जिल्ह्यांत विदेशी नोंदणी अधिकारी म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. धुऱ्याच्या भांडणातसुद्धा तुम्ही ठाण्याच्या वर गेला नाहीत. आता सुनेच्या पायगुणाने थेट एसपी साहेबांच्या दप्तरी तुमच्या घराचं नाव लागेल. पाहुण्यांत सांगायला ही गोष्ट वाईट नाही.

कायदा जुना आहे की नवा, यावर सेतूतल्या पोराशी वाद घालू नका. विदेशी माणसांबाबतचे १९३९ आणि १९४६ चे कायदे इंग्रजांच्या राज्यातले होते. या देशात विदेशी कोण, हे ठरवायचं काम तेव्हा विदेशी माणसंच करत होती आणि ते त्यांनी मन लावून केलं. १ सप्टेंबर २०२५ पासून जुने चार कायदे जाऊन एकच नवा लागू झाला. त्यात दवाखान्यांनाही भरती झालेल्या विदेशी रुग्णाची माहिती कळवावी लागते. तेव्हा पहिल्या आठवड्यात ठेचा जरा हात राखून वाढा. तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन लागली, तर आणखी एक जण फॉर्म भरायला बसेल.

(मेळघाटातली माणसं होळी आटोपली की लेकराबाळांसकट कामाला बाहेर पडतात. ती कुठल्या वीटभट्टीवर उतरली, हे कुणी २४ तासांत कळवलं पाहिजे असं अजून कुणाला वाटलेलं नाही. त्यांना व्हिसा लागत नाही, हे त्यांचं दुर्दैव.)

राहण्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल चालतं. इथे खरा प्रसंग येतो. बिल आबाजींच्या नावाने आहे. आबाजी आधार कार्ड निघायच्या आधीच गेले, पण वीज अजून तेच वापरतात आणि वेळेवर पैसेही भरतात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदीत, तेच आहेत. घरटॅक्सची पावती त्यांच्याच नावाने फाटते. तिघा भावांपैकी कुणी नाव चढवायचं, हा विषय दर दिवाळीत निघतो आणि चिवड्याबरोबर संपतो. म्हणजे कागदोपत्री तुमची सून एका स्वर्गवासी माणसाच्या घरी उतरली आहे आणि घरमालकाची सही पाहिजे आहे. सेतूतला पोरगा तोंडावर म्हणेल, "पन आबाजी तर वारले ना?" तुम्ही म्हणाल, "हाव, पन घर त्याहीचंच आहे." दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही अपलोड होत नाहीत.

एक मार्ग पुढे आहे. भारतीय माणसाशी नोंदवलेल्या लग्नाला सलग दोन वर्षं झाली, की विदेशी नवरा किंवा बायको ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाच्या, कार्डासाठी अर्ज करू शकते. ते मिळालं की सुनेच्या वेगळ्या नोंदणीची कटकट सुटते. पण ही दोन वर्षांनंतरची गोष्ट झाली, आणि सून आलीय आत्ता.

या सगळ्याचं तिला वाईट वाटेल, ती रडेल, 'कुठे येऊन पडले' म्हणेल, या काळजीने तुम्ही तिच्यासमोर बोलणार नाही. बिनधास्त बोला. तिच्या देशात घर बदललं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, आणि तो नियम खुद्द जर्मन माणसालाही आहे. घरमालकाने लेखी द्यावं लागतं की हा माणूस माझ्याकडे राहायला आला. तुमच्या पोराने तिथे गेल्यावर पहिलं काम तेच केलं, फक्त तुम्हाला सांगितलं नाही. त्यामुळे सी फॉर्मचं नाव ऐकून ती दचकणार नाही. बॅगेतून प्लास्टिकची फाइल काढेल, फोटो काढेल, पासपोर्टच्या झेरॉक्स काढेल, आणि चहाचा कप खाली ठेवून पोराच्या मार्फत विचारेल की बाबांची स्वतःची या घरात नोंद कुठे आहे.

तेव्हा आबाजींच्या फोटोकडे बघू नका, ती तिकडेच बघेल. वारसाची नोंद लावू म्हणून सांगा. नोंद किती दिवसांत होते, असं सून विचारेल, आणि चौदा हा आकडा तिच्या डोक्यात आधीच असेल. त्याला मान डोलवू नका. धाकट्या दोघा भावांना फोन करा आणि ग्रामसेवक आठवड्यात कोणत्या वारी येतात, ते आधी विचारून घ्या.