तळहातातलं वाघनख

जकार्तात राहायला आल्यावर तिसऱ्या महिन्यात मी जुन्या बाजारातून एक सुरी घेतली. सुरी म्हणायचं ते विकणारा म्हणाला म्हणून. चार बोटं रुंदीची चपटी लाकडी पट्टी, तिच्या कडेत रुतवलेलं दाढीच्या ब्लेडएवढं पातं आणि पट्टीत आडवी खुपसलेली बांबूची कांडी. मुठीत धरली की कांडी तळहातात आणि पातं बोटांच्या आड. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

तळहातात लपणारं हत्यार म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोक्यात दुसरं काय येणार?

"मारेकऱ्याचं का?" मी मोडक्यातोडक्या इंडोनेशियन भाषेत विचारलं. त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खिशाकडे. "हो हो, फार जुनं!"

रात्री घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, 'जावाचं वाघनख!' साताऱ्याच्या काकांनी तत्काळ विचारलं, "रक्ताचे डाग आहेत का बघ." होते. निदान तपकिरी काहीतरी होतं.

आता या हत्याराचा मुलूख शोधायचा होता. ऑफिसात सगळी बेटं हजर, म्हटलं चुटकीसरशी होईल. जावाच्या सहकाऱ्याने मान हलवली. "आमचा केरिस खंजीर नव्हे. केरिसला वळणं असतात, तीही विषम. नाहीतर मग सरळ पातं." (म्हणजे वळणं असतात किंवा नसतात. या माहितीवर मी दोन दिवस काढले.) आचेहचा म्हणाला, आमच्या रेंचोंगची मूठ काटकोनात वळते. सुलावेसीच्या बुगिस गड्याने आपल्या बादिकच्या पिस्तुलासारख्या मुठीचं असं वर्णन केलं की बाजूचे दोघे खुर्ची घेऊन सरकले. सुमात्राच्या मिनांगकाबाऊ मुलीने केरांबित दाखवला: वाघाच्या नखीसारखा बाक, बोट घालायला कडी. मला आशा वाटली. तिला नाही वाटली. पश्चिम जावातल्या सुंदा गड्याने पात्याला भोकं आहेत का विचारलं. "नाहीत? मग कुजांग नाही." एवढं जहाल शस्त्र आणि कुणी वारस सांगेना!

शेवटी घरमालकीणबाईंना दाखवलं. बाई आधी हसल्या, मग खाली बसून हसल्या. अंगणातल्या गवताचा एक तुरा त्यांनी दोन बोटांनी आत ओढला. टच्! तुरा हातात.

"अनि-अनि," डोळे पुसत त्या म्हणाल्या. भाताची लोंबी कापायची सुरी. एकेक लोंबी, तीही पातं मुठीत लपवून, कारण भातात देवी श्री, म्हणजे इथली भाताची देवी, असते. पातं पाहून ती दचकायला नको. लपवाछपवी होती ती अशी. उंच वाढणारं जुनं भात एकदम पिकतही नसे, म्हणून पिकलेलं तेवढं निवडून घ्यायचं. कापायला बाया, आणि मजुरी म्हणून कापलेल्या भातातलाच वाटा. 1970 च्या दशकात ठेंगणी, एका वेळी पिकणारी नवी वाणं पसरली, विळे आले आणि अनि-अनि बऱ्याच घरांत आढ्याला गेली. बाईंच्या आईची अजून तिथेच आहे म्हणे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे सांगितलं आणि चूक केली. काल हात झटकणारे सगळे उठून आले. "अनि-अनि? मग आमचीच!" जावा. "आमच्याकडे तिला एतेम म्हणतात, ही एतेमच," सुंदा. "तुआई!" सुमात्रा. प्रत्येकाच्या आजीच्या हातात हीच होती. पट्टीच्या कोपऱ्याला पाखराच्या पंखासारखा बाक आहे, त्यावरून जेवणाची सुट्टी संपेपर्यंत वाद झाला.

संध्याकाळी काकांचा मेसेज: "शिवजयंतीला सोसायटीत शस्त्रप्रदर्शन आहे. तुझं वाघनख मधल्या टेबलावर. पाटीवर काय लिहू?"

तासभर झाला, मी 'लोंबी' हा शब्द टाइप करतोय आणि पुसतोय.