तळावरचे नाव

जपानमधील सेंदाई शहरातील एका सामुदायिक केंद्रात मी शनिवारी मुलांसाठी स्वयंसेवक म्हणून जातो. सुट्टीवरून परतल्यावर गावाहून आणलेली वारली चित्रांची पोस्टकार्डे आणि सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे तिथे मांडली, तेव्हा एका मुलाने केळे सोलायचा मनापासून प्रयत्न केला. त्याच्यासोबत आलेल्या आजोबांनी मात्र आंबा हातात घेताच उलटा केला, तळ न्याहाळला आणि विचारले, ‘हा कोणी केला?’ मी ‘सावंतवाडी’ म्हणालो. पण त्यांनी गाव विचारले नव्हते.

त्यांना ही सवय कोकेशी या लाकडी बाहुलीने लावलेली. सेंदाई ज्यात आहे त्याच मियागी प्रांतात नारुको नावाचे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव आहे. तिथल्या लेथवर उतरवलेल्या या बाहुलीची मान फिरवली की बारीक कुईकुई आवाज येतो, आणि तिच्या तळावर कारागिराने स्वतःचे नाव लिहिलेले असते.

२०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मूळ न सांगता दाखवल्या, तेव्हा आपल्याकडे उसळलेला संताप रास्तच होता. त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि ते महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांचे आहे. मीही त्या दिवसांत फोनवरून तावातावाने भांडलो. पण मानांकन मुलखाचे नाव राखते, कारागिराचे नव्हे. माझ्या पायातला जोड कोणी शिवला, हे मला तरी कुठे ठाऊक होते?

सगळीकडे सही हवी, असा माझा आग्रह नाही. लग्नघरी चौक लिहिणाऱ्या वारली सुवासिनींनी भिंतीवर नाव घातले नाही, कारण ते चित्र विधीचे होते. तेच चित्र पोस्टकार्डावर छापून विकले जाते, तेव्हा मात्र मागची कोरी बाजू मला खटकते. शिवाय नावाने पोट भरतेच असे नाही, कारण सही करणाऱ्या इथल्या कारागिरांनाही वारस मिळेनासे झाले आहेत.

पुढच्या सुट्टीत चितारआळीत एका वृद्ध कारागिरांना मी आंब्याखाली नाव लिहायला सांगितले. त्यांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिले. ‘नाव कित्याक व्हया? फुटलो तर परत हाडतलात काय?’ मग बॉलपेन मागून घेतले.